नोंदवहीतले नंबर

शिरूरच्या कचेरीसमोर टेबल-खुर्ची मांडून मी एकवीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शाळा सातवीत सुटली. परंतु मायना चुकलेला एकही अर्ज माझ्या हातून गेलेला नाही, हे दौंडचे कारकूनदेखील मान्य करतील. प्रत्येक अर्जाखाली मी एक ओळ लिहितो, ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला व वाचून दाखविला’, आणि त्याखाली माझी सही करतो. अर्जदार पदवीधर असला तरी मी वाचून दाखवतोच.

पुढे लोक मोबाईलवरूनच अर्ज भरू लागले आणि माझ्यासमोरचा बाक रिकामा राहू लागला. आपण मागे का राहावे, म्हणून मी ‘घरबसल्या अर्ज लिहून मिळेल’ अशी एक वेबसाईट करवून घेतली. ती कोणी पाहीना. तेव्हा भांडगावच्या एका ओळखीच्या दुकानदाराने मला ट्रॅफिक एक्स्चेंज दाखवले. आपण दुसऱ्याची साईट वीस सेकंद उघडी ठेवायची, त्याचे गुण मिळतात, आणि त्या गुणांच्या बदल्यात दुसरे आपली साईट उघडतात. आठवडाभरात माझ्याकडे शेकड्यांनी लोक येऊन गेले. तो आकडा मी शेजारच्या स्टॅम्पवाल्याला अभिमानाने दाखवला.

“आप्पा, येवढी मान्सं आली, मंग बाकावर एक बी कसं न्हाई?” तो हसत म्हणाला.

येणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच सेकंद मोजत होता, हे मला त्याच्या हसण्यानंतर उमगले. मला हवी होती लीड, म्हणजे नाव-नंबर स्वतःहून देणारे गिऱ्हाईक. एक्स्चेंजवाल्यांकडे त्यावरही तोडगा होता. तू माझा फॉर्म भर, मी तुझा भरतो. माझा स्वतःचा नंबर एका फॉर्मला एकदाच चाले. बनावट नंबर दिला की गुण कापले जात. तेव्हा मी माझी नोंदवही काढली. तीत अर्जदाराचे पूर्ण नाव, गाव व मोबाईल सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. एकेक नाव मी कर्जाच्या, प्लॉटच्या, वजन घटवण्याच्या फॉर्मात घालत गेलो. त्या वेळी काही मनात आले नाही, असे लिहिले तर ते असत्य ठरेल. मनात आले होते. एखादा फोन येईल, माणूस कट करील, असे म्हणून मी पुढचे पान उलटले.

दोन महिन्यांनी केंदूरची एक बाई बाकावर येऊन बसली. अंगणवाडीतील मदतनिसाच्या जागेसाठी तिचा अर्ज मीच लिहिला होता. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती.

“आप्पा, माझी जागा गेली,” ती म्हणाली.

सकाळपासून परक्या पुरुषांचे फोन येत, कोणी मराठीत, कोणी हिंदीत. सासू विचारू लागली, हे एवढे कोण तुझे सोयरे. शेवटी तिने अनोळखी नंबर उचलणेच सोडले. त्यातच मूळ कागद घेऊन या म्हणून कार्यालयाचे दोन फोन वाजून गेले, आणि त्यांनी यादीतल्या पुढच्या बाईला बोलावले.

“नंबर गेला कुठनं आसंल वो? मी तर तुमच्याबिगर कुनाला दिला न्हाई.”

तिच्या आवाजात संशय नव्हता. कंपन्याच नंबर विकतात, असे मी सांगितले आणि जागेचा फेरविचार व्हावा, अशा तिच्या नव्या अर्जात लिहिले, ‘अज्ञात इसमाने क्रमांकाचा परस्पर वापर केल्यामुळे’. तो वाचून दाखवला. सही केली. त्या अज्ञात इसमाच्या खाली दोनच ओळींवर माझी सही आली.

आठवड्याने ती पुन्हा आली. साहेबांनी पुरावा मागितला होता. दुसरी बाई अद्याप रुजू झाली नव्हती. या खेपेस जरा जोरात लिहा, असे तिचे म्हणणे होते. मी कागद ओढला आणि ‘मी, खाली सही करणार’ येथून सुरुवात केली. नोंदवही, एक्स्चेंज, फॉर्म, सारे लिहिले. लिहिताना हात अडला नाही. वाचायच्या वेळी मात्र मी कागदाची घडी घालून तिच्यापुढे सरकवली.

“वाचा की,” ती म्हणाली. मी वाचले.

“परत वाचा.” मी परत वाचले.

ती बाकावरून उठली. मग म्हणाली, “हापिसात मंग जाऊ. आधी घरी चला. सासूला बी हेच वाचून दावा.”

कार्यालयाने नंतर माझा जबाब घेतला, पोच दिली, आणि जागा दुसरीलाच राहिली. परंतु मला उठता-बसता आठवतो तो केंदूरचा ओटा. म्हातारीने सगळा कागद ऐकला. खाली सही कुणाची, एवढेच विचारले. माझी, म्हणालो. तिने सुनेकडून बंद ठेवलेला मोबाईल मागवला, चालू करायला लावला आणि माझ्यापुढे ठेवला. थोड्या वेळाने तो वाजला. सुनेने हात पुढे केला नाही.

“घ्या की आप्पा,” म्हातारी म्हणाली. “तुमचंच गिऱ्हाईक आसंल.”

मी उचलला. पलीकडच्या मुलीने त्या बाईला हाक मारली, तिच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि मग आडनाव, जसे मी नोंदवहीत लिहितो तसे.