दोन रिंगांची खूण

सुरतेच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते आणि माझ्या आवाजावर भाव खाऊन असायची. पलीकडचा माणूस कितीही तापलेला असो, माझं 'नमस्ते' ऐकून निम्मा तरी निवायचा.

नव्वदच्या दशकात सरकारला एकदम घाई सुटली. टेलिफोनचं नवं धोरण आलं, परवान्यांचे नियम बदलले, खाजगी कंपन्या येणार अशी हवा झाली, गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले. लोक थेट नंबर फिरवू लागल्यावर आम्हा ट्रंकवाल्यांना कोण विचारतो? मग आमच्या डिंडोली भागातलं जुनं एक्स्चेंज जाऊन इलेक्ट्रॉनिक आलं आणि सगळ्या नंबरांच्या आधी एक आकडा वाढला. जुना नंबर लावणाऱ्याला हे सांगणारी सूचना कोणाच्या तरी आवाजात भरायची होती. साहेबांनी मला बोलावलं. गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मी ती म्हटली. अर्धी डिंडोली मराठी बोलते, मराठीतही घ्या, असं मी सुचवलं, तर परिपत्रकात तीनच भाषा आहेत म्हणाले. मी धुसफुसले. पण घरी आल्यावर सगळ्यांना बसवून, जुना नंबर लावून, माझा आवाज ऐकवायचा तो ऐकवलाच.

घरचा फोन खात्याचा, म्हणून गल्लीतला पहिला. निम्म्या गल्लीने गावाकडे आमचाच नंबर देऊन ठेवला होता. शेजाऱ्याचा नंबर देताना पुढे पी.पी. लिहायची तेव्हा रीतच होती. समोरच्या खोलीत धुळ्याकडची एक बाई राहायची. तिचा नवरा ज्या कारखान्यात लूम चालवायचा तो बंद पडला, तसा तो कामासाठी इचलकरंजीला गेला. जाताना दोघांनी खूण ठरवली. रविवारी सकाळी त्याने बूथवरून आमच्याकडे फोन लावायचा आणि दोन रिंगा झाल्या की ठेवायचा. म्हणजे तो बरा आहे. आम्ही उचलायचा नाही, कारण न उचललेल्या फोनला पैसे पडत नाहीत. आणि उचलला गेलाच, तर घरात काही बरंवाईट झालं असं समजून त्याने एक अक्षरही न ऐकता ठेवायचा आणि निघून यायचं.

संसार करता की सरकारला फसवता, असं मी तिला चिडवायची. ती हसायची. रविवारी आंघोळ करून, केस ओले तसेच, ती आमच्या फोनपाशी येऊन बसायची. दोन रिंगा झाल्या की पदर सारखा करून उठायची, आणि तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

नवा नंबर आम्ही त्याला पत्राने कळवला. पण त्याने मधेच खोली बदलली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

नंबर बदलल्यानंतरच्या रविवारी फोन वाजला नाही. पुढच्याही नाही. लाइनी नव्या आहेत, होतं असं, असं मी तिला सांगत राहिले. मग एक दिवस त्याचा खोलीवरचा सोबती त्याची पत्र्याची पेटी घेऊन डिंडोलीत आला. आल्या आल्या त्याने विचारलं ते घरात कोणाचं काय झालं होतं म्हणून. फोन उचलला गेला, बाई बोलली, एवढंच त्याला सांगून तिचा नवरा अंगावरच्या कपड्यांनिशी एसटी स्टँडवर धावला होता.

तो घरी पोचलाच नव्हता. पोलीस, डेपो, दवाखाने, सगळीकडे विचारून झालं. काही म्हणता काही कळलं नाही.

"फोन मी उचला नही, ताई," ती मला म्हणाली.

मी जुना नंबर लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला. सूचनेआधी रिंग होत नाही, बोलणं सरळ सुरू होतं. त्याला पैसेही पडत नाहीत, शेवटपर्यंत फुकट ऐकता येतं. हे आम्हा एक्स्चेंजवाल्यांना माहीत. बूथमध्ये उभ्या असलेल्या लूमवाल्याला ते कोण सांगणार? 'कृपा करीने' हे माझे पहिले दोन गुजराती शब्द ऐकून तो निघाला असणार. तिने मात्र तिन्ही भाषा ऐकल्या, पुन्हा पहिल्यापासून ऐकल्या.

"हाऊ तुमनाच आवाज शे ना?" तिने विचारलं. आणि मग हळूच, "त्यासनी पुरं आयकं नही."

त्यानंतर दर रविवारी ती यायची आणि मी जुना नंबर लावून द्यायची. मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची. मला माझ्याच आवाजाची भीती वाटू लागली होती. कामावर 'नमस्ते' म्हणतानाही कोणीतरी पलीकडे फोन ठेवून धावत सुटलंय असं वाटायचं, अजूनही वाटतं.

सूचना ठरावीक मुदतीपुरतीच ठेवायची असा नियम होता. ती आणखी चालू ठेवा म्हणून मी साहेबांकडे गेले. हवे तो बधाने खबर पडी गई हशे, बेन, असं ते म्हणाले. आता सगळ्यांना कळलं असेल.

मुदत संपली त्या रविवारी मी नंबर लावला तर पलीकडे काहीच नव्हतं. रिंगही नाही. मी रिसीव्हर तिच्या कानाला दिला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"आते त्या फोन करतीन," ती म्हणाली, "तर कोण बोलई?"

मी तिच्याकडून रिसीव्हर घेतला आणि त्या मुक्या लाइनीत, कोणी ऐकत नसताना, पहिल्यांदा मराठीतून म्हटलं, "घरी सगळं बरं आहे. नुसता नंबर बदललाय."