नांदगावचा शिक्का

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवली. लोक अजून विचारतात, पाय दुखले का. दुखले की. पाय दुखले, बूड दुखलं, मानेपासून मनगटापर्यंत सगळं दुखलं. पण त्या दिवसापासून मला शांत झोप लागते, आणि त्याचं कारण दमणूक नाही. कारण सांगायचं तर आधी पत्रिकेचं सांगावं लागेल. ते सांगायची मला लाज वाटायची. आता नाही वाटत.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, फुलांचा आणि भाजीचा. मी सातपूरला कारखान्यात नोकरी करतो आणि नोकरीच्या आधी-नंतर मळ्यात राबतो. चार वर्षांपूर्वी मुलीचं लग्न ठरलं. आता आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नसतं. पत्रिका हातात पडली की माणसं मुहूर्त नंतर बघतात, आधी खालची नावं बघतात. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, कोणाच्या नावामागे श्री. आहे आणि कोणाच्या नाही. जावयांची तर वेगळी ओळ असते, आणि त्या ओळीवरून भावकीत वर्ष वर्ष बोलणं बंद पडतं.

म्हणून मी ती यादी स्वतः लिहायला घेतली. दुसऱ्यावर कशाला सोडायचं, म्हटलं. चुलत्यांचे जावई आधी की मामांचे, या भानगडीत यादी पाच वेळा खोडून लिहिली. आणि पाचव्यांदा उतरवताना जावयांच्या ओळीतलं पहिलंच नाव गळलं. माझे सख्खे दाजी. घरचे थोरले जावई.

प्रूफ आलं तेव्हा मी मुहूर्ताची वेळ बघितली, मुलीची पदवी बघितली, कार्यालयाचा पत्ता बघितला. खाली सही ठोकली आणि प्रेसवाल्याला म्हटलं, छापा.

पत्रिका नांदगावला पोचली आणि ताईचा फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई मळ्यात असायची, म्हणून ताईच मला कडेवर घेऊन शाळेत जायची. मास्तर ओरडले तरी मला बाकाखाली बसवून ठेवायची. ती फोनवर एवढंच म्हणाली, "भाऊ, ह्यांचं नाव नाय रे पत्रिकेत."

मी म्हणालो, "प्रेसवाल्यानं घोळ घातला, ताई. मला प्रूफ दाखवलंच नाही त्यानं."

इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच पत्ता लागला नाही. ताई नुसतं "बरं" म्हणाली.

लग्नाला ती एकटी आली. हळद लावली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. सख्खी आत्या न जेवता गेली, हे सगळ्या मांडवानं बघितलं. त्यानंतर तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. ती आली नाही आणि मीही नांदगावला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो? नावाचं एक वेळ निभावलं असतं, पण मी खोटं बोललो होतो. ते ताईला सांगितल्याशिवाय तिच्या दारात उभं राहता येत नव्हतं, आणि सांगायची हिंमत होत नव्हती. एवढंच होतं सगळं. तीन वर्षं मी ते घेऊन फिरलो.

मधल्या काळात रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मला चालायचा कंटाळा. मुलीची गिअरची सायकल फवारणीच्या पंपाशेजारी धूळ खात पडली होती, ती पुसून काढली. गंगापूर रस्त्यावर सकाळी एक घोळका सायकली घेऊन जायचा, त्यांच्या मागे लागलो. त्यांच्यात देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी मला धरलं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं, आणि चढावर समोरच्या चाकाकडे बघायचं, वर बघायचं नाही. एवढे तीनच नियम, पण रोज दरडावून सांगायचे.

पावसाळ्यात त्यांनीच सांगितलं, दिवाळीआधी दोनशे किलोमीटरची राइड आहे. साडेतेरा तासांत पुरी करायची. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेत यायचं. मधे ठरलेल्या जागी कार्डावर शिक्का घ्यायचा. आपलं पंक्चर आपण काढायचं, आणि घरच्यांची मदत घ्यायचीच तर ती शिक्क्याच्या जागीच. मी म्हटलं, माझ्या वयाला हे झेपायचं नाही. मग त्यांनी रस्ता दाखवला. आडगावहून निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव, आणि तसंच परत.

मी त्याच दिवशी नाव नोंदवलं.

घरी म्हटलं, शुगरसाठी करतोय. बायको झेंडूच्या करंड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "शुगर काय नांदगावला राहते का?"

मग सराव सुरू झाला. दर रविवारी थोडं थोडं लांब. एका रविवारी निफाड, पुढच्याला लासलगाव. लासलगावच्या रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर अगदी अंगाजवळून जायचे आणि कांद्याची साल तोंडावर उडायची. घरी आलो की बसता यायचं नाही, सोफ्यावर पालथा पडून चहा प्यायचो. बायको म्हणायची, पन्नाशी उलटल्यावर ही कसली थेरं. मनमाडपर्यंत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा पायात ताकद होती, बाटलीत पाणी होतं, नांदगावची पाटी समोर होती. दोन्ही वेळा सायकल वळवली. सुभेदारांनी विचारलं, "आगे क्यों नहीं गए?" मी म्हणालो, पाणी संपलं. बघा, तिथंही खोटं.

एकदा त्यांनी चढाच्या सरावाला हरसूलच्या बाजूला पाठवलं. त्र्यंबकच्या पुढं रस्ता असा चढतो की काय सांगू. अर्ध्यात छाती फुटायची वेळ आली, तेव्हा उतरलो आणि सायकल ढकलत निघालो. बाजाराला निघालेले एक आजोबा डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्या बरोबरीनं चालत होते. म्हणाले, "काय झालं, पंक्चर का?"

"नाही, दम लागला."

"मग चला की पायी. लाज कशाची? इथं कोन बघतंय?"

वरती सुभेदार चहाच्या टपरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "पूरा चढ गए?" मी नेहमीच्या सवयीनं हो म्हणणार होतो. पण ते आजोबा शेजारीच गाठोडं टेकवून बसले होते. मी म्हणालो, "नाही. अर्ध्यात उतरलो. ढकलत आणली."

"ठीक है. चाय पियो," ते म्हणाले. एवढंच. मी म्हटलं, अरेच्चा. खरं बोललं की एवढंच होतं? त्या चहाची मला नंतर फार आठवण यायची.

राइडच्या आठवडाभर आधी सायकलच्या दुकानात कार्डं वाटली. पिवळसर जाड कागदाचं, घडीचं कार्ड. मागच्या बाजूला लिहायचं होतं, काही झालं तर कोणाला कळवायचं. बायको बरोबर होती. मी तिचं नाव लिहायला पेन टेकवलं तर तिनं हात धरला.

"माझं काय लिहिताय? मनमाडच्या पुढं पडलात तर मी इथून उडत येऊ का? दाजींचं लिहा. तिकडं जवळ तेच आहेत."

मी तिच्याकडे बघितलं. ती दुकानातल्या टायरांकडे बघत होती.

मी लिहिलं. श्री. लावून, नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं. जागा कमी पडली तरी अक्षर बारीक केलं नाही, पुढच्या रकान्यात गेलं तर गेलं. फोन नंबर पाठ होता. दुकानातल्या माणसानं तो त्याच्या वहीत उतरवून घेतला.

राइडच्या दिवशी सकाळी सहाला आडगावहून निघालो. निफाडपर्यंत मजेत गेलो. लासलगावच्या अलीकडे बाभळीचा काटा लागला. ट्यूब बदलता बदलता हात काळे झाले आणि पाऊण तास गेला. मग वारा समोरून. मनमाडला पोचलो तेव्हा घोळका केव्हाच पुढे गेलेला. नांदगावचा शिक्का बारा चाळीसच्या आत घ्यायचा होता, नाहीतर तिथंच बाद. मनमाडची ती वळायची जागा आली आणि माझा हात खरंच ब्रेकवर गेला. मी स्वतःला मोठ्यानं शिवी दिली आणि पुढे गेलो. शिवी लिहिण्यासारखी नाही.

त्या पंचवीस किलोमीटरात मी काय बोलायचं ते घोकत होतो. राइड संपवायची तर ताईच्या घरी जाऊन बसायला वेळ नव्हता. मी ठरवलं होतं, शिक्का घेईन, मग तिला फोन करीन आणि फोनवरच सांगून टाकीन. तेवढी तरी हिंमत कर मेल्या, असं स्वतःला म्हणत होतो.

नांदगावात चहाच्या हॉटेलासमोर टेबल मांडलं होतं. टेबलाशेजारी डोक्यावर पदर घेतलेली ताई उभी होती, हातात डबा. तिच्या मागे पांढऱ्या टोपीत दाजी, हात पाठीमागे बांधून.

मी सायकलवरून उतरलो तो जवळजवळ पडलोच. अंगाला चिकटलेली काळी चड्डी, तोंडावर मीठ फुटलेलं, हात ग्रीसनं माखलेले. ताईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे काय घातलंय?" ती म्हणाली.

घोकलेलं सगळं विसरलो. मी म्हणालो, "ताई, प्रूफ आलं होतं माझ्याकडे. मी वाचलं होतं. सही माझी होती. प्रेसवाल्याची काही चूक नव्हती."

"माहीत हाय," ताई म्हणाली.

मला कळेचना. ती म्हणाली, "हे लग्नाच्या आधीच प्रेसवर गेले होते भांडायला. त्या बिचाऱ्यानं तुझ्या सहीचा कागद काढून पुढ्यात ठेवला."

"मग बोलली का नाहीस गं तीन वर्षं?"

"मी कशाला बोलू? नाव राहिलं तर राहिलं, माणसाच्या हातून राहतं. पण तू मला खोटं बोलला. मला. म्हटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. लय वाट बघितली रे."

मी तिथं, भर रस्त्यात, हेल्मेटसकट रडायला लागलो. टेबलावरचा कार्यकर्ता बिचारा चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "काका, आधी शिक्का घ्या. आठच मिनिटं राहिलीत."

"ते कर आधी," ताई म्हणाली. "मग रड."

मी कार्ड काढून दिलं. कार्यकर्ता शिक्का मारणार तेवढ्यात दाजींनी हात पुढे केला आणि कार्ड घेतलं. खिशातून चष्मा काढला, कार्ड उलटं केलं आणि मागची बाजू वाचली. मग पुन्हा वाचली. आम्ही तिघं उभे. घड्याळ चालू.

"काल ह्यांच्या लोकांचा फोन आला होता," दाजी मला म्हणाले. तीन वर्षांतलं त्यांचं पहिलं वाक्य. "म्हणे, पाहुण्यांनी कार्डावर तुमचं नाव दिलंय, काही झालं तर याल का? मी म्हटलं, बघू तरी खरंच लिहिलंय का." त्यांनी कार्ड परत टेबलावर ठेवलं आणि कार्यकर्त्याला म्हणाले, "नीट मारा हो. पुसट नको."

डब्यात दहीभात होता आणि शेंगदाण्याची चटणी. ताईनं माझे काळे हात बघितले आणि घास स्वतःच भरवले. मी उभ्या उभ्या सगळा डबा संपवला. मला इतकं हलकं वाटत होतं की सायकलवर बसल्यावर आधी वाटलं, काहीतरी विसरून निघालोय. बाटली बघितली, पंप बघितला. सगळं जागेवर होतं.

परतीला वारा पाठीमागून होता. पाय दुखतच होते, पण त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मनमाड गेलं, लासलगाव गेलं. निफाडच्या पुढे अंधार पडला, दिवा लावला. आडगावला पोचलो तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती, पंचवीस मिनिटं हातात ठेवून. सुभेदारांनी पाठीवर थाप मारली तशी बरगडी हलली. बायको झेंडूचा हार घेऊन उभी होती, आमच्याच मळ्यातला. तिनं हार घालायच्या आधी मी फोन काढला. ती म्हणाली, "आता कोणाला?" मी नंबर लावल्यावर तिला समजलं आणि ती थांबली.

"पोचलो, दाजी."

"बरं झालं," दाजी म्हणाले. मागून ताईचा आवाज आला, जेवला का विचारा. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "भाऊबीजेला येतोय आम्ही दोघं. आता त्याची पत्रिका छापत बसू नको."