मल्लाप्पांची कवळी

मल्लाप्पा गुरव बोलायच्या आधी तोंडातली पत्ती काढून पटक्यात खोवत. सनईच्या टोकाला बसवायची ती ताडाच्या पानाची पत्ती, बोटाच्या पेराएवढी. वाजवण्याआधी ती ओली आणि मऊ व्हावी लागते, म्हणून ते ती गालात धरूनच गावभर हिंडत. पत्ती गालात असताना कुणी रामराम घातला तर नुसती मान हलवत. अणदूरच्या सोसायटीच्या पायरीवर ते आले की मी आधी पटक्याकडं पाही. पत्ती तिथं असली तर काही काम आहे. नसली तर सावलीला टेकलेत एवढंच.

मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पाटीवर मराठीत 'सचिव' लिहिलं होतं, पण मल्लाप्पांसाठी मी शेवटपर्यंत मुनशीजीच राहिलो. वय तिशीच्या आत. माझी बेरीज कधी चुकत नाही याचा मला अभिमान होता आणि तो सगळ्या गावाला माहीत होता.

अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने आमच्याकडं असतो आणि मग पालखीतून नळदुर्गला जातो. देव निघाला की पुढं सनई. देवळाच्या पायरीपासून गावच्या वेशीपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही, ही मल्लाप्पांच्या घराण्याची शिस्त. नाकानं श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला वारा सनईत सोडत राहायचा. मी एकदा पावलं मोजली होती. चारशेच्या वर भरली. मल्लाप्पा म्हणत, "सूर तुटला की देवाला ठेच लागती." त्यांच्या वडिलांच्या हातून ती कधी लागली नव्हती, यांच्याही नाही. भाऊबंदांत दुसरा हक्कदार जळकोटचा चुलतभाऊ होता. यांना वाजवणं झालं नाही तर पाळी त्याच्याकडं जाणार, आणि एकदा गेलेली पाळी माघारी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर मल्लाप्पांच्या हिरड्या सुजू लागल्या. समोरचे चार दात हलायला लागले. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, बाभळीची साल झाली. एक दिवस ते पायरीवर बसले आणि पत्ती पटक्यात खोवली. मग म्हणाले, "वारा फुकट हाय मुनशीजी. त्याला वळवायला मातूर बांध लागतो. माजा बांध फुटाया लागलाय."

सोसायटीतून काही मिळेल का, हे त्यांनी चाचरत विचारलं. कर्ज बी-बियाण्याला होतं, खताला होतं, बैलाला होतं, दातांना नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. "बैलाचं दात बगून पैकं देता, मानसाचं न्हाय व्हय?" असं म्हणून तेच हसले, ओठ मिटून. त्यांनी शेळी विकली आणि मी रजा टाकून त्यांच्याबरोबर सोलापूरला गेलो. निघताना मी म्हटलं, सनई बरोबर घ्या. त्यांनी कानाला हात लावला. मंगल वाद्य दवाखान्यात न्यायचं नसतं, रोग्यांच्यात वाजायची पाळी देव आणू नये. सनई घरी खुंटीला राहिली.

दातांच्या डॉक्टरांनी तोंड पाहिलं आणि दोन वाटा सांगितल्या. हलणारे दात वाचवायचे तर हिरड्यांवर उपचार, सहा खेपा, साठ रुपये. ते किती वर्षं टिकतील हे सांगता येत नाही. नाहीतर सरकारी दवाखान्यात सगळे दात फुकट काढून घ्यायचे आणि तीन महिन्यांनी कवळी बसवायची, पंचेचाळीस रुपये. मी विचारलं, कवळीनं भाकरी खाता येईल का? ते म्हणाले, सगळं पहिल्यासारखं होईल.

येताना एसटीत मी तिकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला. येण्याजाण्याचं भाडं धरून एकीकडं पंचाहत्तर रुपये, दुसरीकडं साडेबावन्न. एकीकडं भरवसा नाही, दुसरीकडं कायमचं काम. देव निघायला पाच महिने होते, म्हणजे वेळही पुरत होता. मी मल्लाप्पांना तिकीट दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते दोन्ही हातांत धरून पाहिलं.

"त्येच्यात पत्ती ऱ्हाईल का पन?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले ना, सगळं पहिल्यासारखं होईल," मी म्हटलं.

"मग काडून टाकू. तुमचा हिशोब कदी चुकत न्हाय."

डॉक्टरांना हा माणूस सनई वाजवतो हे मी सांगितलं नव्हतं. सनई समोर असती तर त्यांनी आपणहून विचारलं असतं. पण ती खुंटीला होती, आणि माझ्या हिशोबात तर ती आलीच नव्हती.

दात निघाले. तीन महिने मल्लाप्पा पाण्यात कालवलेली भाकरी खात राहिले. कवळी आली त्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. तुळसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सनई पुसून पाटावर ठेवली होती. मल्लाप्पांनी नमस्कार केला, पत्ती ओठांत धरली, गाल फुगवले. फुंकर घातली तशी वरची कवळी सुटून पत्तीवर आपटली. टक्क. पुन्हा घातली, पुन्हा टक्क. कवळी काढून पाहिली, तर ओठ आतच गेले आणि पत्ती त्यांच्यामागं. आठवडाभर त्यांनी नाना प्रकार केले, डिंकसुद्धा लावून पाहिला. तुळसाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "सनई कशाची, आता चिपळ्या वाजत्यात." त्यावर कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नाहीत.

मी सोलापूरला एकट्यानं जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, आधी सांगितलं असतं तर समोरचे चार दात मी काही झालं तरी काढू दिले नसते.

हे मी मल्लाप्पांना सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुमी भाकरीचं इचारलं," ते म्हणाले. "पोटाचंच इचारत्यात समदे. त्यात तुमचं काय चुकलं?"

देव निघाला तेव्हा जळकोटचा चुलतभाऊ आला. त्याची पत्ती कोरडी होती. मल्लाप्पांनी आपल्या पटक्यातली काढून दिली, सकाळपासून गालात धरून मऊ केलेली, आणि आपली सनईही दिली. मग वेशीपर्यंत ते पालखीच्या मागून, बायकांच्यात चालत गेले. त्यांचे गाल फुगत होते आणि बसत होते, बारीक, लेकरू झोपेत चोखतं तसे. वेशीवर मी त्यांना गाठलं. "न्हाय लागली ठेच," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्या पटक्यात पत्ती पाहिली नाही.

पुढची अकरा वर्षं ते दसऱ्याला सोनं द्यायला आणि दिवाळीला फराळाला आमच्याकडं येत राहिले. आल्याबरोबर तोंडभर हसत. पांढरेशुभ्र, एकसारखे दात. दिवाळीत चकली मागून घेत, तीही कडक. माझ्यासमोर कडकन मोडून खात आणि म्हणत, "बगा मुनशीजी, दगुड द्या, फोडतो." माझ्या बायकोला तो माणूस खादाड वाटे. मला बरं वाटे. सनई गेली ती गेली, निदान जेवणाचं तरी साधलं, असं मी मनाशी धरून होतो.

ते वारले तेव्हा मी भेटायला गेलो. तुळसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. देवळीत पानाचा एक जुना डबा होता. त्यांनी तो माझ्यापुढं सारला आणि म्हणाल्या, हे काय करायचं असतं, तुमाला ठावं असंल. आत फडक्यात कवळी होती. मी ती उजेडात धरून पाहिली. अकरा वर्षं भाकरी खाल्लेल्या दातांवर काही झीज दिसायला हवी. ती कालच आणल्यासारखी होती.

मी काही विचारायच्या आत तुळसाबाई म्हणाल्या, "हिरड्या सोलून निघायच्या त्यांच्या. पार मरुस्तवर कालवूनच खाल्लं. तुमच्याकडं यायचं म्हनलं की तेवडी बसवायचे, अन् घरी आल्यावर दोन दिस रगताच्या गुळन्या."

"मग घालायचे कशाला?"

"म्हनायचे, त्या मानसाला चुकल्यालं सोसत न्हाय."