विहिरीला भिऊन घेतलेला फ्लॅट

त्या फ्लॅटच्या खिडकीची ग्रिल खालून सैल आहे, हे मला तो भाड्याने घेण्याआधीच माहीत होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तसाही मी फारसं काही सांगणारा माणूस नाही. डोकं दुखत असलं तरी बायकोला ते माझ्या कपाळावरून ओळखावं लागतं.

तेव्हा मुलगी तिसरीत होती आणि मुलगा नुकताच बालवाडीत जायला लागला होता. आम्ही भाड्याने राहणारी माणसं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की घरमालक फोनवर गोड बोलायला लागतो आणि आपण पुन्हा जागा शोधायला लागतो. तेव्हाच्या घरात खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळ झाली की वर यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "बच्चों को बोलो ना, दौड़े मत." मुलगी हळूहळू चवड्यांवर चालायला शिकली. पुढे पुढे ती दुसऱ्यांच्या घरीही तशीच चालायला लागली, तेव्हा बायकोला बघवेना.

"या वेळी बैठं घर बघू या," ती म्हणाली. "पोरांना जरा पाय आपटू देत."

शेवटी दोन जागा उरल्या. एक भाईंदर पूर्वेला, केबिन रोडपासून चालत जाण्यासारखा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. दुसरी चौक गावात, उत्तनच्या बाजूला. कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळ. बायकोचं मन चौकच्या घरावर बसलं होतं. शाळेची बस कुठवर येते, रिक्षा सहज मिळते का, दूध कोण टाकतं, सगळं तिने एका फेरीतच विचारून घेतलं. घराची मालकीण शेजारीच राहणारी एक म्हातारी कोळीण होती. मुलांकडे बघून ती म्हणाली, "पोरं हायत ना? मंग झालं. माजं अंगण लय दिस गप पडलंय."

घराच्या मागे विहीर होती. कठडा जेमतेम माझ्या गुडघ्याएवढा. बायको आणि मुलगी स्वयंपाकघर बघत होत्या, आणि मी उगाच मागे गेलो. मुलगा माझ्या मागून आला, कठड्यावर पोटावर आडवा झाला आणि आत वाकला.

"बाबा, खाली कोण आहे?"

"कुणी नाही. तूच आहेस."

"तो मला ये म्हणतोय."

लहान मूल काहीही बोलतं, हे मला कळत होतं. पण माझ्या हाताला ते कळलं नाही. मी त्याची कॉलर अशी आवळली की तो रडायला लागला, आणि तरी मला बोटं सोडवता येईनात. बायको धावत आली. "काय झालं?"

"काही नाही. मुंगी चावली त्याला."

म्हातारीने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. "जाली टाकून देतंय मी विहिरीवर, लोखंडाची. तू भिऊ नको, भावा."

"छे, भितंय कोण," मी म्हणालो.

त्यानंतर ती विहीर माझ्यासोबत हिंडायला लागली. ऑफिसात चहा पिताना कपात बघवत नसे. जाळी टाकली तरी कधीतरी कुणीतरी पाण्यासाठी उघडेल, नेमका तेव्हाच तो पोरगा तिथे असेल, आणि त्याला बोलावणारा कुणीतरी खाली असेल, हे चित्र पुसलं जाईना. म्हातारीचा फोन आला, "कधी येतां?" मी म्हणालो, कळवतो. आणि बायकोला सांगितलं, की म्हातारीने घर नात्यातल्या कुणाला तरी दिलं, आपल्याला नाही म्हणाली.

"अहो, पण परवापर्यंत तर हो म्हणत होती!"

"बदललं तिचं मन."

बायकोने शाळेच्या बसच्या वेळा लिहिलेला कागद चुरगळला. मग म्हणाली, "आपल्याला नशीबही भाड्यानेच मिळतं बहुतेक."

मग तो फ्लॅट. एजंट आम्हाला खोल्या दाखवत होता. हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेली पिंजऱ्यासारखी ग्रिल होती. आमच्याकडे अशी ग्रिल म्हणजे घरातली जास्तीची खोली. तिथे कुंड्या राहतात, कांद्याची टोपली राहते, ओल्या छत्र्या वाळतात, आणि सुट्टीत पोरंही तिथेच बसतात. "कलर अभी अभी मारा है, भाई, एकदम मजबूत," एजंट म्हणाला. बायको बाथरूमचे नळ सोडून बघत होती. मी खिडकीतून वाकलो आणि ग्रिलच्या तळाची पट्टी दाबली. ती हलली. जोडापाशी रंगाचा पापुद्रा सुटला आणि माझा तळवा गंजाने लाल झाला. मी रुमालाला हात पुसला.

तेव्हा बोललो असतो, तर बायको म्हणाली असती, मग हे नको, अजून बघू या. कदाचित म्हणाली असती, चौकला एकदा परत विचारू या. मी रुमाल खिशात घातला आणि म्हणालो, "बरा आहे." पाचव्या मजल्यावर विहीर नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

राहायला गेल्यावर मी मुलांना ग्रिलमध्ये बसू देत नसे. कपडे घाण होतात, असं कारण सांगायचो. मालकाला फोन करून वेल्डर आणतो, असं रोज मनाशी म्हणायचो. पण वेल्डर आणला की तो बायकोसमोर बोलणार, की हे तर जुनं आहे, घर घेताना बघितलं नाही का? मग मी उद्यावर ढकलायचो. त्या खिडकीकडे पाठ करून जेवायला बसायचो, आणि पाठीलाच डोळे फुटल्यासारखं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. समोरच्या बिल्डिंगच्या ग्रिलांमध्ये पोरं माकडांसारखी बसली होती. बायकोने आमच्या ग्रिलमध्ये चटई अंथरली आणि मुलाला उचलून आत बसवलं. मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर, त्याच्या शेजारी.

"घाण होतील कपडे," मी म्हणालो.

"धुते ना मीच! वारा तरी लागू दे त्यांना. तुमचं आपलं नेहमीचंच."

खरं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. पाणी पिऊन मग सांगू, असं म्हणत आत वळलो, आणि मागून लोखंड चिरकल्याचा आवाज आला.

तळाची पट्टी एका बाजूने सुटून खाली लोंबत होती. चटई घसरली होती. कोरफडीची कुंडी गेली होती. मुलाचे पाय बाहेर हवेत होते, आणि मुलीने दोन्ही हातांनी त्याची चड्डी धरून ठेवली होती. ती ओरडत नव्हती. तिचं तोंड नुसतं उघडं होतं. मी दोघांना आत ओढलं. कसं ओढलं, ते आठवत नाही. खाली कुंडी फुटली होती, आणि वॉचमन ओरडत होता, "कौन फेंका रे? किसका काम है?"

बायको फरशीवर बसली होती. मुलाला छातीशी धरून एकच म्हणत होती, "मी बसवलं त्याला. मीच बसवलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे. काही झालं नाही ना." तिला वाटलं, मी तिला माफ केलं. मी तिला तसं वाटू दिलं.

तेव्हापासून ती कुणाच्याही घरी गेली, की आधी ग्रिल हलवून बघते. लोक हसतात. मुलीने बरेच दिवस विचारलं, "बाबा, मी त्याला आधीच आत घ्यायला हवं होतं का?" मी म्हणायचो, "नाही गं." त्यापुढे काही नाही. ते घर सोडून आम्ही दुसऱ्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेलो.

या वर्षी पुन्हा अ‍ॅग्रीमेंट संपत आलं, आणि बायको म्हणाली, "चौकला जाऊन बघू या का? तेव्हा नाही म्हणाली म्हातारी, आता देईल कदाचित." मी बरीच कारणं काढली. एकही चाललं नाही. शेवटी बसने चौकला गेलो.

म्हातारी अंगणातच होती. तिने मला पाहताक्षणी ओळखलं. "काय रे भावा, कलवतंय बोललास नी गेलास तो गेलास! जाली बी टाकली मी. आता माजा पोर्‍या राहतंय तिथं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मागे विहिरीवर खरंच जाळी होती, आणि तिच्यावर फडकं पसरून जवळ्याची बारीक मासळी वाळत घातली होती.

परतीच्या रिक्षात तिने एवढंच विचारलं, "का?"

"विहीर," मी म्हणालो. आणि मग विहिरीचं सगळं सांगितलं. कॉलर, मुंगी, चहाचा कप. मला वाटलं, आता ती रिक्षा थांबवून उतरेल. ती बाहेर बघत राहिली आणि मग चक्क हसली.

"घाबरलात एवढं सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" मग तिने माझा हात धरला. "बाप आहात, घाबरणारच. निदान तुम्ही त्याला जपायलाच गेलात. मी तर माझ्या हाताने त्याला ग्रिलमध्ये बसवलं."

रिक्षा पुढे चालली होती. ग्रिलचं सांगायला वेळ होता, आणि तिचा हात माझ्या हातात होता. तो ती काढून घेईल, या भीतीने मी पुन्हा गप्प राहिलो.

म्हणून आधी हे लिहिलं. ग्रिल सैल आहे हे मला माहीत होतं, त्या दुपारचा दोष तिचा नव्हता आणि मुलीचाही नव्हता, हे मला दोघींना अजून तोंडाने सांगायचं आहे. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.