कणगीवरचा बसऱ्याचा छाप

भुताखेतांच्या, चमत्काराच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. तरी हे लिहिते आहे, कारण मी एकटीने नाही, भरल्या घराने ते पाहिलं... आणि नंतर सगळे मूग गिळून बसले.

पोलादपूरजवळचं कापडे हे माझं माहेर. थोरला भाऊ भिवा पलटणीतून बसऱ्याकडे लढाईला गेला आणि तिकडेच बेपत्ता झाला. प्रेत कुणी पाहिलं नाही. लढाई संपल्यावर त्याचा दासगावचा सोबती त्याचं सामान घेऊन आला. त्यात बोटाच्या पेराएवढी, बाहेरून कोरीव काम केलेली एक दगडी नळी होती.

"तिकडं जमिनीत गावतात ही. ओल्या मातीवर फिरवली की चित्र उठतं," तो म्हणाला. "जुन्या काळी तिकडची लोकं कोठारावर असा छाप मारायची, साहेब सांगायचा."

वहिनीने त्या वर्षी भाताची कणगी भरली, तोंड मातीने लिंपलं आणि त्यावर ती नळी फिरवली. वर चंद्रकोर, खाली आसनावर बसलेला देव, आणि एका माणसाचा हात धरून त्याला देवासमोर नेणारी देवी. तो माणूस म्हणजे भिवाच, असं वहिनीने धरलं. "देवीनं हात धरलाय, आता त्यांना काय होत नाय," म्हणायची.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, ही आमच्याकडची रीत. पण आमच्या चुलत्यांना, तात्यांना, तेवढा दम कुठला! भिवाला मूलबाळ नव्हतं. तो मेला असं ठरलं की त्याच्या वाट्याची जमीन तात्यांची, आणि वहिनीला फक्त दोन वेळचं अन्न. "मेला तो! जिता असता तर आला नसता का?" म्हणत त्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याचं कर्म उरकायचं ठरवलं. भावकीने माना डोलावल्या. एकालाही लाज वाटली नाही.

त्या सकाळी पिंडांसाठी भात काढायला तात्या कणगीपाशी गेले आणि थबकले. आम्ही धावलो. केव्हाच वाळून कडक झालेल्या मातीत देवी आणि तो माणूस फिरले होते — देवाकडे पाठ, बाहेरच्या बाजूला तोंड. हात तसाच धरलेला.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ठसा उलटाच उठतो. अहो, उलटा उठला तरी देवाकडे तोंड करूनच ना!

"वन्स, बगा," वहिनी माझा दंड धरून ओरडली, "माघारी आणतेय ती त्यांना!"

मी आडवी गेले. "तात्या, आजचा दिस तरी थांबा!"

"बाजूला हो गो. मातीचं काय धरून बसलीस?" कोयत्याच्या मुठीने त्यांनी छाप फोडला. दुपारपर्यंत वहिनीच्या बांगड्याही फुटल्या.

संध्याकाळी वहिनीने उघड्या हातांनी कणगी पुन्हा लिंपली, नळी फिरवली. चंद्रकोर उठली, देव उठला, देवी उठली. तिचा हात तसाच पुढे, पण हातात कुणी नव्हतं.

भिवा आला नाही. वहिनीही गेली. तात्या मात्र ती जमीन खुशाल कसतात. नळी माझ्याकडे आहे. दगडावर तो माणूस अजून आहे, नख फिरवलं की लागतो. मातीत उठत नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही... आणि कुणी मला समजवायलाही येऊ नये. माझा भाऊ घरी यायला निघाला होता. तात्यांना एक दिवस दम धरवला नाही.