अर्धा पिक्चर दर्यापूरचा, अर्धा अकोल्याचा

भारनियमनानं आमच्या पिढीचं काय काय बुडवलं, याची पत्रकं मी पुष्कळ काढली. पण त्याच्यापायी आमच्याकडे एक अख्खी सिनेसृष्टी उभी राहिली, हे मी आजवर कुठं छापलं नाही.

रविवारी दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला सुपरहिरोंचा पिक्चर लागायचा. ते सगळे पिक्चर एकमेकांचे सोयरे. याचा हिरो त्याच्या पिक्चरमध्ये लग्नाला आल्यासारखा येणार. दर्यापुरात आमची लाइन मध्यांतराच्या सुमारास जायची, आणि अकोल्यात मावशीच्या भागात थोड्या वेळानं यायची. म्हणजे सुरुवात माझ्याकडे, शेवट मावसबहिणीकडे, ताईकडे. रात्री तोच पिक्चर पुन्हा लागे, पण रात्रीचा टीव्ही मोठ्यांचा. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अकोल्याला गेलो की आम्ही दोघं तुकडे जोडायला बसायचो.

एका पिक्चरमध्ये बोगदे खोदणारा मजूर होता. दरड कोसळते, कंपनी आत अडकलेल्यांना सोडून तोंड बुजवून टाकते, हा एकटा दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो. तेवढ्यात आमची लाइन गेली. ताईनं पुढं पाहिलं ते असं, की काचेचा मुखवटा घातलेला कुणी राक्षस धरण फोडून शहर बुडवतो. दोघं एकच असतील हे आमच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही जोडलेल्या गोष्टीत मजूर हिरोंच्या टोळीत शिरला, आणि त्याच्या एका येण्यानं पुढचे सगळे पिक्चर फिरले. त्यानं टोळीला विचारलं, तुम्ही शहरं वाचवता, पण तुमच्या मारामारीत पडलेल्या घरांची भरपाई कोण देतं? त्यावरून हिरोंमध्ये फूट पडली. शेवटची लढाई आकाशात झालीच नाही, जमिनीखाली झाली. मला चळवळीत कोणी आणलं असं विचारलं तर मी पुस्तकांची नावं घेतो. खरं म्हणजे त्या मजुरानं आणलं.

पुढं मोबाइल आले, हवा तो पिक्चर हातात आला. तरी हा आम्ही पुरा पाहिला नाही. माहीत आहे तो कशाला पाहायचा?

गेल्या उन्हाळ्यात ताई हा सगळा इतिहास मोबाइलवर रेकॉर्ड करून वऱ्हाडीत सांगू लागली. रविवारी एक भाग. आमच्याकडची पोरं आवडीनं ऐकत. मग तो बाहेरच्या चाहत्यांच्या हाती लागला. 'खोटी माहिती. आधी पिक्चर पाहा.' 'मजूर म्हणजेच मुखवटेवाला, एवढंही कळत नाही?' वर, 'ही कोणती भाषा?'

तिनं मला अमरावतीला फोन केला. "सगळे भाग काढून टाकून राहिली मी. लोकं हसून राहिले."

मी तशीच बस धरली. उत्तराचं पत्रक बसमध्येच लिहिलं, मूर्तिजापूर येईस्तोवर झालंही. 'ज्यांना अखंड वीज मिळाली त्यांनी आम्हाला अखंड कथा शिकवू नये' अशी सुरुवात होती. मला ती फार आवडली होती.

ताईनं ते उभ्याउभ्या वाचलं. "हे कोनासाठी?"

"तुह्यासाठी."

"याच्यात मी कुठी हावो? नुसती लाइनच हाये." कागद माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "एक सांग. तो मजूर आन मुखवटेवाला खरंच एकच असन का?"

"असन. त्यानं काय होते?"

"तुले पाहावं नाई वाटत?"

वाटत होतं. कधीचं वाटत होतं. "पाह्यलं आन आपलं मोडलं तं?"

"तं मोडन. तसंबी आता माह्यानं सांगनं होऊन नाई राह्यलं."

आम्ही पिक्चर लावला. मावशी दारातून म्हणाली, "लग्नाचे झाले, आन अजून त्याच माकडउड्या!"

सुरुवात मला पाठ होती, शेवट तिला. मधला तुकडा दोघांनीही पाहिला नव्हता. त्यात तो मजूर बोगद्यातल्या फुटक्या दिव्यांच्या काचा वेचतो आणि मुखवटा करतो. तोच तो. आणि धरणाखाली पहिली बुडते ती मजुरांचीच वस्ती.

मी तडकलो. "पाह्य! कंपनीले सोडलं आन गरिबाले राक्षस केलं! हेच करतात हे लोक!"

"गप बस ना बे." तिनं पिक्चर मागं घेतला. "धरन फोडाच्या आंधी तो थांबते, पाह्य. खाली आपली वस्ती हाये हे त्याले दिसून राह्यलं. तरी फोडते. वाईटच दाखवाचा होता तं थांबवला काहून?"

तिनं तो तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. भाग काढून टाकायचं तिच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. तिनं कूलर बंद केला, कारण कूलरच्या घरघरीत तिचा आवाज नीट येत नाही, आणि अकोल्याच्या त्या मरणाच्या उकाड्यात मोबाइल डब्याला टेकवून नवा भाग बोलायला लागली.

"आतापर्यंत सांगतलं ते पिक्चरमधलं नव्हतं. ते आमी जोडलं होतं. आज पुरा पाह्यला. त्यानं शहर बुडवलं. तं आपल्याबी गोष्टीत आता बुडवलं."

"बुडवलं?" मी मधेच ओरडलो. "मंग तो टोळीत कसा येईन? भरपाई कोन मागन?"

ती थांबली नाही. मोबाइल उचलून तिनं माझ्याकडे वळवला. "तूच सांग मंग. ज्यानं वस्ती बुडवली, त्यानं भरपाई मागाची का नाई?"

"मागाची," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांब. इचार करू दे."