तीनशे डावे हातमोजे

हातमोजेवालीचं आता छान चाललंय. दोन शेड, एकशे ऐंशी माणसं, आणि फाटकावर असा रखवालदार की तो मलासुद्धा अडवून विचारतो, "काय काम?" अरे बाबा, तुझ्या मालकिणीचं पहिलं शिवणयंत्र गंजून घट्ट बसलं होतं, ते मी दोन दिवस रॉकेल पाजून सोडवलंय. पण त्याला काय सांगणार? मी आपला वहीत सही करून आत जातो.

एवढं सगळं असून बाईला एक गोष्ट हवी आहे आणि ती काही केल्या मिळत नाही. तिची थोरली जाऊ. हसू नका. जाऊ हवीहवीशी वाटणारी बाई मीही उभ्या जन्मात ही एकच पाहिली. बावीस वर्षं ती माझ्याकरवी निरोप धाडत आली. "भावजी, ताईंना म्हणावं, एकदा या. काम नका करू, नुसत्या येऊन बसा." मी नात्यातला नव्हे, त्यांच्या गल्लीतला; शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरायचो, त्यामुळे हे टपाल कायम माझ्याच पिशवीत. थोरलीचं उत्तरही ठरलेलं. "तब्येत बरी आहे म्हणून सांगा." आता तब्येत विचारली होती कोणी?

गोष्ट अशी. दोघी जावांचे नवरे एकाच कारखान्यात होते आणि तो कारखाना एका सोमवारी बंद झाला. दोघे भाऊ घरी बसून एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं वाटून वाचायचे आणि मग एकमेकांना बातम्या सांगायचे. दीड महिना हा सोहळा बघितल्यावर जावांनी मागची खोली रिकामी केली, दोन पेट्यांवर जुनं दार आडवं टाकून कापायचं टेबल केलं आणि वेल्डिंगच्या कामगारांसाठी हातमोजे शिवायला घेतले. तळव्याला चामडं, पाठीला जाड कापड. धाकटी कापायची, थोरली शिवायची.

गल्लीतल्या बायकांनी भांडणासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. मी तीन म्हणालो होतो, कारण थोरली फार सोशिक. आमचे सगळ्यांचेच अंदाज चुकले. यंत्राला तेल द्यायच्या निमित्ताने मी जायचो तेव्हा दाराबाहेरूनच दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. नवऱ्यांना संशय, की या आपल्यावर हसतात. संशय अगदी बरोबर होता. थोरली आपल्या नवऱ्याची पेपर वाचतानाची भुवई वर चढवून दाखवायची आणि धाकटीच्या हातातली कात्री थांबायची. "ताई, पुरे! वाकडं कापलं जाईल!" ती ओरडायची. मग थोरली दुसरी भुवई चढवायची.

पहिली मोठी ऑर्डर आली ती लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्याची. दीडशे जोड. एवढे दोघींनी कधी शिवले नव्हते, पण नाही कोण म्हणतो?

आता जरा कापण्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तळव्याच्या आकाराचा एक पत्र्याचा फर्मा असतो. तो चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवायचा आणि कडेने कापायचं. एक तळवा कापला की फर्मा उलटा करायचा, म्हणजे दुसरा तळवा दुसऱ्या हाताचा होतो. विसर पडू नये म्हणून थोरलीने फर्म्याच्या एका बाजूला लाल ठिपका लावला होता. ठिपका एकदा वर, एकदा खाली.

धाकटीचं डोकं तल्लख. तिच्या लक्षात आलं की ठिपका कायम वर ठेवला तर तळवे एकमेकांना खेटून बसतात आणि प्रत्येक कातड्यात दोन जास्त निघतात. चामडं वाचतंय म्हटल्यावर बाईला चेव आला. आधी एका हाताचे सगळे कापू, मग दुसऱ्या हाताचे, असं म्हणून तिने सुरुवात केली आणि त्या वाचवण्याच्या नादात चामडं संपेपर्यंत ठिपका वरच राहिला. शिवण आतून घालायची, हातमोजा शेवटी उलटवायचा, त्यामुळे शिवताना डावा-उजवा चटकन कळत नाही. थोरलीला वाटलं, उजव्यांचा गठ्ठा मागून येईल. मुदत डोक्यावर, जोड्या लावून बघायला सवड कुणाला? दोघींनी मिळून पोती भरली आणि माझ्याच ओळखीच्या टेम्पोतून पोचवली. मीही बरोबर होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

स्टोअरच्या माणसाने पोतं सोडलं आणि एका वेल्डरला जोडी चढवायला सांगितली. गड्याने चढवली. दोन्ही अंगठे एकाच दिशेला! त्याने दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. मग दोन्ही हात समोर धरून म्हणाला, "साहेब, हे घालून काम करायचं तर मला पुन्हा जन्म घ्यावा लागेल."

सगळे हसले. स्टोअरचा माणूस हसला नाही. "हे कुणाचं काम?" त्याने विचारलं.

धाकटी म्हणाली, "शिवण ताईंकडे असते."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. शिवण ताईंकडेच असायची. थोरलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. फार सावकाश चालत होती. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

आठवड्याभरात तिच्या नवऱ्याला दोन तासांवरच्या गावात नोकरी लागली. "भावजी, यंत्र नीट बांधून द्या, वाटेत हलायला नको," एवढंच ती मला म्हणाली. धाकटी दारात उभी होती.

मागच्या खोलीत धाकटी आणि परत आलेले तीनशे डावे हातमोजे उरले. विनवण्या करायला ती रोज त्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसे. तिथल्या भंगाराच्या ढिगात तिला टाकलेले हातमोजे दिसले. सगळे उजवे. जवळजवळ कोरे. तिने त्याच वेल्डरला गाठलं. "यात काय वाईट आहे हो?"

"काही नाही बाई. उजव्या हातात वेल्डिंगच्या कांडीचा होल्डर. डाव्याने जोडायचं लोखंड धरायचं, म्हणजे तो ठिणग्यांच्या तोंडाशी. डावा महिन्यात जळतो, उजवा तसाच राहतो. पण तुम्ही लोक जोडीशिवाय विकता का कधी?"

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पंधरा दिवसांत तीनशेही खपले. मग तिने एक जुनं गंजकं यंत्र घेतलं, शिवायला बाई ठेवली, प्रत्येक जोडीबरोबर एक डावा जास्त द्यायला सुरुवात केली आणि आसपासचे वेल्डर दुसऱ्या कुणाचा माल हातात घालेनात. त्यावर उभी राहिली पहिली शेड, मग दुसरी.

यशस्वी झाली म्हटल्यावर बाईला दरवर्षी कॉलेजात भाषणाला बोलावणारच. मुलांना उद्योगाचे धडे द्यायचे असतात ना. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचो. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "आमची एक चूक झाली." तिसऱ्या वर्षी, "आम्ही एक वेगळा प्रयोग केला." सातव्या वर्षी तर, "मला आधीपासून वाटतच होतं." मी तिला गाडीत म्हणालो, "वहिनी, अजून दोन वर्षांनी वेल्डिंगचा शोधही तुम्हीच लावाल." ती माझ्यावर चिडली. पण दर भाषणानंतर तिचा निरोप मात्र न चुकता यायचा. "ताईंना म्हणावं, या."

गेल्या महिन्यातल्या भाषणात एक मुलगी उठली. किडकिडीत, चष्मेवाली. "मॅडम, ते पहिले तीनशे शिवले कुणी?"

बाई पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. "पुढचा प्रश्न," म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र ड्रायव्हरला तिने फॅक्टरीचा रस्ता सोडायला सांगितला. मला म्हणाली, "भावजी, आज निरोप नको. मला घेऊन चला."

थोरली खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. हाताने. यंत्र कोपऱ्यात, कापडाने झाकलेलं. आम्हाला बघून म्हणाली, "या. तब्येत बरी आहे."

धाकटी खाली जमिनीवरच बसली. "ताई, फर्मा मी उलटला नव्हता. चामडं वाचत होतं म्हणून. आणि मग मी तुमचं नाव सांगितलं."

"ठाऊक आहे. ठिपका मीच लावला होता ना."

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून," थोरली म्हणाली. "फाटकापर्यंत मुद्दाम हळू चालले. एवढ्यात मागून येईल, तेवढ्यात येईल. फाटक काही फार लांब नव्हतं गं."

मी आयुष्यभर लोकांच्या घरातलं ऐकत आलोय, पण त्या क्षणी मला बाहेर ड्रायव्हरशी गप्पा माराव्याशा वाटल्या. अर्थात उठलो नाही.

"आता चला ना," धाकटी म्हणाली. "गाडी दारात आहे."

"कुठे येऊ? डोळे गेले माझे. खिडकीपासून हात लांब नेला तर सुई दिसत नाही. तुझ्या त्या एकशे ऐंशींमध्ये मी काय करू?"

"माझ्या शेजारी बसा."

"बावीस वर्षांपूर्वी बसले असते," थोरली म्हणाली. त्यात राग नव्हता, हेच वाईट. धाकटी पदराशी चाळा करत राहिली. मग थोरलीने अभ्रा तिच्या मांडीवर टाकला. "आलीच आहेस तर एवढी बाजू शिवून दे. मला कोपरा सापडत नाहीये."

हातमोजेवालीने सुई हातात घेतली. एकशे ऐंशी माणसांना पगार देणारी बाई, पण जन्मभर कापत आलेली. शिवणकामाच्या नावाने आनंद. जीभ दाताखाली धरून टाके घालत होती. ड्रायव्हर दारात आला. "मॅडम, चार वाजता मीटिंग आहे."

"त्यांना सांग, मी येत नाही."

थोरलीने अभ्रा ओढून घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला, अर्ध्यावर थांबली. "काय गं हे? हत्तीचा अभ्रा आहे का? इथून उसव."

"कुठून, ताई?"

"इथून. नाही, आणखी मागून."

धाकटी खिडकीकडे सरकून उसवायला बसली.